नकाशात आहे, कायद्यात नाही : मोहावी वाळवंटातील केल्सो

पुण्यात ‘कॉर्पोरेशनचे पाणी’, ‘कॉर्पोरेशनची शाळा’ हे शब्द घराघरांत रुळले आहेत. मात्र त्यांच्या मुळाशी ‘देह’ असा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे, हे सहसा लक्षात येत नाही. कायद्याने एखाद्या वस्तीला देह दिला की ती वस्ती एखाद्या व्यक्तीप्रमाणे वागू शकते. ती कर बसवते, कर्ज काढते, करार करते, फिर्याद करते आणि तिच्यावरही फिर्याद होऊ शकते. अमेरिकेत असा देह न मिळालेल्या हजारो वस्त्या आहेत. त्यांना तेथे ‘अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी’ म्हणतात. मराठीत ‘विदेही’ म्हणावे तर थेट जनक राजाची आठवण होईल, आणि परिभाषेतला ‘अनिगमित’ हा शब्द वापरावा तर तो समजण्यासाठी पुन्हा कोश उघडावा लागेल. म्हणून या लेखात ‘नगरपालिका नसलेली वस्ती’ एवढेच म्हणू.

ही कल्पना नुसत्या व्याख्येने नीट उमगत नाही, कारण तिच्यासारखे आपल्याकडे फारसे काही नाही. त्यासाठी एक विशिष्ट वस्ती समोर ठेवलेली बरी. कॅलिफोर्नियाच्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत, मोहावी वाळवंटात, केल्सो नावाचे ठिकाण आहे. ते रेल्वेने वसवले, रेल्वेने चालवले आणि रेल्वेची गरज संपताच ते ओसरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे सुमारे दोन हजार माणसे राहत होती. आज तेथे एक देखणी स्टेशन इमारत, काही पडक्या भिंती आणि धडधडत जाणाऱ्या मालगाड्या एवढेच उरले आहे. केल्सो कधीही नगरपालिका झाले नाही. त्याचे असणे आणि ओसरणे या दोन्ही गोष्टी समजून घ्यायच्या असतील, तर अमेरिकेची स्थानिक राज्यव्यवस्था आणि वाफेच्या इंजिनाची तहान, असे दोन वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेले विषय एकत्र पाहावे लागतात.

आधी राज्यव्यवस्था पाहू. महाराष्ट्रात वस्ती कितीही लहान असली, अगदी दहा उंबऱ्यांची वाडी किंवा डोंगरातला पाडा असला, तरी तो साधारणपणे कोणत्या ना कोणत्या ग्रामपंचायतीत मोडतो. स्वतंत्र ग्रामपंचायत परवडत नसेल तर तीनचार गावांची मिळून गट ग्रामपंचायत असते. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना थेट राज्यघटनेत स्थान दिले. गावाला महसुली हद्द असते, तलाठ्याकडे गावनकाशा असतो, गावठाण कोठे संपते आणि शेते कोठे सुरू होतात हे कागदावर ठरलेले असते. म्हणजे आपल्याकडे गाव ही सरकारने आधीच आखून ठेवलेली गोष्ट आहे. गावकऱ्यांनी मागणी केली नाही म्हणून पंचायतच नाही, असे सहसा घडत नाही.

अमेरिकेत नेमके याच्या उलट आहे. तेथील संघराज्याच्या घटनेत स्थानिक स्वराज्य संस्थांचा उल्लेखच नाही. त्यांचे काय करायचे हे प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवते. बहुतेक राज्यांची सर्व भूमी काउंट्यांमध्ये विभागलेली आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. फरक इतकाच, की तिचा कारभार निवडून आलेले मंडळ पाहते, कायदा व सुव्यवस्था बहुधा निवडून आलेला शेरीफ पाहतो, आणि जमिनीच्या नोंदी, रस्ते, न्यायालये अशी कामे तिच्या पातळीवर चालतात. नगरपालिका मात्र वरून येत नाही. एखाद्या ठिकाणच्या रहिवाशांना वाटले, की आपल्याला आपला स्वतंत्र कर, आपले पोलीस, आपले बांधकामाचे नियम हवेत, तर त्यांनी राज्याच्या कायद्याप्रमाणे अर्ज करायचा, अटी पूर्ण करायच्या, मतदान घ्यायचे, आणि मग ती वस्ती ‘इन्कॉर्पोरेट’ होते. कॅलिफोर्नियात आज नवे शहर स्थापन करायचे असेल तर तेथे किमान ५०० नोंदणीकृत मतदार असावे लागतात. अर्जच केला नाही, तर ती वस्ती काउंटीच्या थेट अमलाखाली राहते. तिला महापौर नसतो, नगरसेवक नसतात, आणि बहुतेक वेळा अधिकृत हद्दही नसते. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत सगळी जमीन कोणत्या तरी नगरपालिकेत किंवा तत्सम संस्थेत येते, परंतु पश्चिमेकडच्या विस्तीर्ण राज्यांत नगरपालिकांच्या हद्दी म्हणजे मोठ्या पटावर सांडलेले थोडे तांदूळ वाटावेत, इतक्या विरळ आहेत.

सॅन बर्नार्डिनो काउंटीचा आकार यासाठी लक्षात घ्यायला हवा. तिचे क्षेत्रफळ सुमारे ५२ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या, अहिल्यानगर जिल्ह्याच्या तिपटीइतके. अलास्का वगळता अमेरिकेत एवढी मोठी काउंटी दुसरी नाही. पाच निर्वाचित पर्यवेक्षकांचे मंडळ तिचा कारभार पाहते आणि काउंटीचे मुख्य ठाणे केल्सोपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. नगरपालिका नसलेल्या वस्तीतल्या माणसाला रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार करायची असेल, तर ती या मंडळाकडे करायची. शाळा मात्र काउंटीच्या थेट हाती नसते. तिच्यासाठी शाळा-जिल्हा नावाची वेगळी संस्था असते. पाणी, सांडपाणी, अग्निशमन यांसाठीही अशा एकेका कामापुरत्या संस्था काढता येतात. केल्सोच्या वायव्येला सुमारे ५५ किलोमीटरवर बेकर नावाची महामार्गावरची वस्ती आहे, तीही नगरपालिका नाही, आणि तेथे अशीच एक सेवा-संस्था आहे. म्हणजे देह नाही, पण हातपाय स्वतंत्रपणे भाड्याने घेता येतात, असा हा प्रकार म्हणावा लागेल.

मग ज्याला हद्द नाही, ज्याचा ठराव नाही, त्या ठिकाणाचे नाव नकाशात येते कसे? ते वापरातून येते. लोक त्या जागेला जे म्हणतात, स्टेशनच्या फलकावर, टपाल कचेरीच्या शिक्क्यावर, शाळेच्या दारावर जे लिहिलेले असते, ते नाव नकाशाकार उचलतात. संघराज्य पातळीवर भौगोलिक नावांचे मंडळ १८९० पासून अशा नावांची एकवाक्यता पाहते. वाळवंटात तर स्टेशनचा फलक हाच नावाचा सर्वांत मोठा पुरावा असे, आणि ती नावे रेल्वेचे लोक कशी देत, हे पाहिले तर गंमत वाटते. केल्सोच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या दुसऱ्या एका रेल्वेमार्गावर १८८३ च्या सुमारास स्टेशनांना चक्क इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावे दिली गेली: अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी, एसेक्स, फेनर, गॉफ्स आणि पुढे थेट जावापर्यंत. निर्मनुष्य प्रदेशात ग्रामदेवता नव्हती, पाटील नव्हता, तर नाव तरी कोठून आणायचे? केल्सोचे मूळ नाव तर नावही नव्हते. ते होते ‘सायडिंग क्रमांक १६’. सायडिंग म्हणजे गाडी बाजूला उभी करण्यासाठी मुख्य रुळालगत टाकलेला जादा रूळ. पुढे तेथील गोदामात काम करणाऱ्यांनी आपापल्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या, त्यांत नुकत्याच सोडून गेलेल्या जॉन केल्सो नावाच्या सहकाऱ्याचीही एक चिठ्ठी टाकली, आणि नेमकी तीच निघाली, असे सांगितले जाते. गावाला नाव मिळाले, तेही गावात नसलेल्या माणसाचे.

आता रेल्वेकडे वळू. लॉस एंजेलिसहून सॉल्ट लेक सिटीकडे जाणारा हा मार्ग माँटानातील तांब्याच्या खाणींवर गडगंज झालेले सिनेटर विल्यम क्लार्क यांनी हाती घेतला, आणि काही वादावादीनंतर त्यात युनियन पॅसिफिक रेल्वेची निम्मी भागीदारी झाली. १९०५ च्या जानेवारीत नेव्हाडातील जीन या ठिकाणाजवळ दोन्ही बाजूंचे रूळ जोडले गेले. १९२१ मध्ये क्लार्क यांचा हिस्साही युनियन पॅसिफिकने घेतला. एवढ्या लांब मार्गावर दर काही मैलांवर सायडिंग लागत असे, कारण मार्ग एकेरी होता आणि समोरासमोर येणाऱ्या गाड्यांपैकी एकीला बाजूला उभे राहावे लागे. अशी बहुतेक सायडिंगे सायडिंगेच राहिली. तेथे फार तर रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनांची दोनचार घरे होती. सोळाव्या क्रमांकाचे गाव झाले याला दोन कारणे होती. एक चढ आणि दुसरे पाणी.

केल्सो समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तेथून पूर्वेकडे निघालेली गाडी साधारण २९ किलोमीटर जाऊन सिमा नावाच्या माथ्यावर पोहोचते, तेव्हा ती ६०० मीटरहून अधिक वर गेलेली असते. हा चढ शंभराला २.२ इतका आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की २.२ मीटर वर. पायी चालणाऱ्याला असा चढ जाणवणारही नाही. रेल्वेला मात्र तो डोंगराइतका जड पडतो. त्याचे गणित सोपे आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी घर्षणाने फिरते, म्हणून सपाटीवर एक टन वजन चालते ठेवण्यासाठी दोन ते तीन किलोच्या जोराने ओढले तरी पुरते. चढावर मात्र गुरुत्वाकर्षण आपला वाटा मागते: शंभराला २.२ चढ असेल तर टनामागे आणखी २२ किलो. म्हणजे तेवढीच गाडी तेवढ्याच संथ वेगाने न्यायची, तरी जोर आठदहा पट लागतो. सपाट वाळवंटातून जे इंजिन आरामात गाडी घेऊन आले, ते केल्सोपाशी अडते. मग एकतर गाडी तोडून दोनतीन फेऱ्यांत वर न्यायची, नाहीतर जोडीला आणखी इंजिन लावायचे.

हे दृश्य मराठी वाचकाला परके नाही. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर, म्हणजे ढकलणारे जादा इंजिन, लागते, आणि मग बोरघाट सुरू होतो. कर्जत ते लोणावळा अंतर सुमारे २८ किलोमीटर आहे आणि चढ ३७ ला १, म्हणजे केल्सोच्या चढापेक्षाही थोडा कडकच. केल्सोतल्या अशा इंजिनांना तेथे ‘हेल्पर’ म्हणत. ती चढाच्या पायथ्याशी वाफ तयार ठेवून उभी असत, गाडी आली की जोडली जात, सिमाला पोहोचल्यावर सुटत आणि मोकळीच उतरून केल्सोला परत येत. कर्जतच्या फलाटावर गाडी थांबते त्या वेळात वडे खपतात, तेही त्या चढाचेच देणे आहे. केल्सोत याच कारणाने गावच उभे राहिले. कारण प्रत्येक वाफेच्या इंजिनाला स्वतःचा चालक आणि बॉयलरची आग सांभाळणारा स्वतःचा फायरमन लागे. दोन इंजिने जोडली म्हणून एका माणसाने ती दोन्ही चालवावीत, अशी सोय नव्हती. इंजिने उभी करण्यासाठी शेड हवी, ती दुरुस्त करण्यासाठी फिटर हवेत, आणि माणसे पाळ्यांमध्ये काम करणार तर त्यांना झोपायला जागा आणि रात्री-अपरात्री गरम जेवण हवे.

दुसरे कारण पाणी. वाफेचे इंजिन पाणी उकळते आणि कामाला आलेली वाफ धुराड्यातून बाहेर सोडून देते. ती परत मिळत नाही. त्यामुळे इंजिन जितके कष्ट करेल तितके पाणी पिते, आणि चढावर ते सर्वांत जास्त कष्ट करते. ज्या जागी चढ सुरू होतो त्याच जागी पाणी असणे हा वाळवंटात दुर्मीळ योग होता, आणि केल्सोत तो जुळून आला. जवळच्या डोंगरांतील झऱ्यांचे पाणी तेथे आणता येत होते. शिवाय बॉयलरला कोणतेही पाणी चालत नाही. क्षार जास्त असतील तर आत थर साचतो आणि बॉयलर निकामी होतो. मोहावीसारख्या प्रदेशात चांगल्या पाण्याचा झरा म्हणजे रेल्वेच्या लेखी सोन्याच्या खाणीपेक्षा कमी नव्हता.

१९२४ मध्ये युनियन पॅसिफिकने येथे नवे स्टेशन बांधले आणि ते बांधताना हात आखडता घेतला नाही. कौलारू छप्पर, कमानी, फिकट रंगाच्या भिंती असलेली ही दुमजली इमारत कॅलिफोर्नियातील जुन्या स्पॅनिश मिशनच्या शैलीत आहे. तिच्यात तिकीट खिडकी, तारघर, प्रतीक्षालय, उपाहारगृह, वरच्या मजल्यावर कर्मचाऱ्यांच्या खोल्या आणि तळघरात करमणुकीची जागा अशी व्यवस्था होती. म्हणून कागदोपत्री तिला ‘क्लबहाउस व रेस्टॉरंट’ असे नाव होते. दक्षिणेकडच्या सांता फे रेल्वेची, फ्रेड हार्वी यांनी सुरू केलेली उपाहारगृहे तेव्हा देशभर नावाजलेली होती, आणि त्यांच्यापुढे आपण कमी पडू नये ही ईर्षा या इमारतीमागे होती. तरीही तिचे सर्वांत जिवंत अंग म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचे जेवणाचे काउंटर, ज्याला लोक ‘बीनरी’ म्हणत. घेवड्याच्या उसळीवर पोट भरण्याची जागा, असा त्याचा साधारण भाव. प्रवाशांपेक्षा तेथे पाळीवरचे रेल्वे कर्मचारीच जास्त जेवत असावेत, असे मला वाटते, कारण केल्सोला उतरण्यासारखे दुसरे काही नव्हते.

गाव वाढले ते युद्धामुळे. १९४२ मध्ये उद्योगपती हेन्री कायझर यांनी फॉन्टाना येथे पोलाद कारखाना उभा केला, कारण पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जहाजबांधणीला पोलाद हवे होते आणि ते पूर्वेकडून आणणे वेळखाऊ होते. त्या कारखान्यासाठी लोहखनिज केल्सोजवळच्या व्हल्कन खाणीतून निघे. ट्रकांनी सुमारे १५ किलोमीटर अंतर कापून ते केल्सोत येई आणि तेथून रेल्वेने फॉन्टानाला जाई. याच वेळी सैन्य आणि युद्धसामग्री नेणाऱ्या गाड्यांची गर्दी, म्हणजे हेल्पर इंजिनांचीही गर्दी. केल्सोची लोकसंख्या दोन हजारांच्या घरात गेली ती या काही वर्षांत. गावात शाळा होती, दुकान होते, आणि चाळीसच्या दशकात एक छोटी कोठडीही आली. लोखंडी पट्ट्यांच्या पिंजऱ्यासारख्या दोन खणांच्या या कोठडीत दारू पिऊन धिंगाणा करणाऱ्यांना एखाददोन रात्री ठेवत. महापौर नसलेल्या गावाला कोठडी मात्र होती, यात अमेरिकेच्या काउंटी व्यवस्थेचे सार आले, असे म्हणायला हरकत नाही.

युद्ध संपले. फॉन्टानाला १९४८ पासून दुसरीकडच्या, ईगल माउंटनच्या खाणीतून खनिज येऊ लागले आणि व्हल्कन खाण थांबली. त्याच सुमारास रेल्वेमार्गांवर डिझेल इंजिने आली. केल्सोसारख्या वस्त्या ‘डिझेलने मारल्या’ असे सहज म्हटले जाते, पण डिझेलचे नेमके काय वेगळे होते हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही. डिझेल-विद्युत इंजिनाला बॉयलर नसतो, म्हणून दर काही मैलांवर पाण्याची टाकी लागत नाही. ते कमी वेगातही पूर्ण जोर लावू शकते, जे वाफेच्या इंजिनाला चढावर अवघड जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तीनचार डिझेल इंजिने विजेच्या तारांनी जोडली की पुढच्या एकाच कक्षातून एकच चालक ती सगळी चालवू शकतो. म्हणजे गाडी लॉस एंजेलिसहून निघतानाच पुरेशी इंजिने लावून निघाली, की केल्सोला थांबण्याचे कारणच उरत नाही. आपल्याकडे वंदे भारत बँकर न लावता घाट चढते, त्यामागचा विचारही असाच आहे: जोर एका डोक्यात न साठवता गाडीभर वाटून टाकायचा. चढ होता तेथेच राहिला, पण त्याच्या पायथ्याशी माणसे ठेवण्याची गरज संपली. पाठोपाठ सांधे आणि सिग्नल दूरच्या नियंत्रण कक्षातून हलवण्याची यंत्रणा आली, तेव्हा तारबाबूचीही गरज राहिली नाही.

उताराचा धोका मात्र डिझेलमुळे नाहीसा झाला नाही. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये लाकडी स्लीपर भरलेली एक मालगाडी सिमाच्या बाजूने उतरताना ताब्याबाहेर गेली, ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने खाली आली आणि केल्सोजवळ पुढच्या गाडीला मागून धडकली; तीत जीवितहानीही झाली. डब्यांतील मालाचे खरे वजन कागदावरच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त होते, म्हणजे ब्रेकांचा हिशेबच चुकीच्या आकड्यावर केला गेला होता.

साठीच्या दशकात स्टेशनचे कामकाज बंद झाले. उपाहारगृह तेवढे १९८५ पर्यंत तग धरून होते. पण सगळा दोष इंजिनावर टाकणे मला पटत नाही, कारण याच मार्गावर, तो पुरा झाला त्याच १९०५ साली, जवळपास याच कारणासाठी जन्मलेले दुसरे गाव आज जगाला ठाऊक आहे. ते लास व्हेगस. तेथेही वाळवंटात पाण्याचे झरे होते म्हणून रेल्वेने ठाणे केले. परंतु १५ मे १९०५ रोजी क्लार्क यांच्या कंपनीने तेथील ११० एकर जमिनीचे भूखंड पाडून लिलाव केला. त्यामुळे रेल्वेच्या पगारावर नसलेले, पण गावात स्वतःची मालमत्ता असलेले व्यापारी, खानावळवाले, हॉटेलवाले तेथे पहिल्या दिवसापासून होते. १९११ मध्ये त्यांनी गावाची नगरपालिका करून घेतली. १९२२ च्या संपानंतर रेल्वेने तेथील दुरुस्ती कारखाने हलवले, तेव्हा गावाला मोठा धक्का बसला, तरी गाव उठून गेले नाही. कर गोळा करणारी, रस्ते करणारी, सरकारदरबारी बोलणारी एक संस्था तेथे होती. १९३१ मध्ये हूवर धरणाचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी नेव्हाडाने जुगार कायदेशीर केला, तेव्हा त्या संधी घ्यायला गाव जागेवर होते. केल्सोत रेल्वे हीच मालक, हीच गिऱ्हाईक आणि हीच पाणी देणारी. तिचे पगारी लोक बदली झाली की सामान आवरून पुढच्या ठाण्यावर जात. गाव वाचवावे असे वाटणाऱ्यांच्या हाती त्यासाठी साधन नव्हते.

याचा अर्थ नगरपालिका नसली की वस्ती दुबळीच असते, असा मात्र नाही. लास व्हेगसचे जे झगमगते चित्र आपण पाहतो, ती कॅसिनोंची रांग बहुतांशी लास व्हेगस शहरात नाहीच. ती शेजारच्या पॅरडाइज नावाच्या, नगरपालिका नसलेल्या वस्तीत आहे. १९५० मध्ये शहर आपली हद्द वाढवून कॅसिनोंवर कर लावणार असे दिसताच, मालकांनी काउंटीकडून त्या भागाला वेगळी ओळख मिळवली, जेणेकरून तो शहराला गिळता येऊ नये. आज तेथे १ लाख ९० हजारांहून अधिक लोक राहतात आणि त्यांचा कारभार काउंटी पाहते; त्या काउंटीचे नाव क्लार्क, ते याच रेल्वेवाल्या सिनेटरांवरून आलेले. म्हणजे एकाच रुळावरच्या दोन वस्त्यांना देह नाही: एकीने तो कर वाचवण्यासाठी टाळला, दुसरीला तो मागण्याइतकी उसंतच मिळाली नाही.

देह असलेल्या वस्तीचा शेवट करायचा झाला तर तोही रीतसर करावा लागतो. शेजारच्या रिव्हरसाइड काउंटीतील कॅबेझॉन १९५५ मध्ये शहर झाले आणि १९७२ मध्ये मतदान करून पुन्हा काउंटीच्या अमलाखाली गेले. अशा वेळी देणी कोणी फेडायची, मालमत्ता कोणाकडे जायची, हे सगळे ठरवावे लागते. केल्सोच्या बाबतीत असे काहीही करावे लागले नाही. बरखास्त करायला संस्थाच नव्हती. माणसे गेली, घरे हलवली गेली किंवा पडली, आणि कोठेही ठराव न होता गाव कमी कमी होत गेले. अमेरिकेत अशा ओस वस्त्यांभोवती एक रम्य हळहळ विणली जाते, तिच्यात ही साधी कायदेशीर बाब बहुधा हरवते.

स्टेशनची इमारत मात्र सहजासहजी गेली नाही. १९८५ मध्ये रेल्वेने ती पाडण्याचा विचार केला, तेव्हा आसपासच्या लोकांनी ती वाचवण्यासाठी निधी उभारून खटपट सुरू केली. पुढे ती संघराज्य सरकारच्या भूमी व्यवस्थापन खात्याकडे आली. १९९४ मध्ये कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण कायद्याने भोवतालचा सहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि इमारत राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात गेली. जीर्णोद्धार करून २००५ मध्ये ती पर्यटक केंद्र म्हणून उघडण्यात आली.

त्यामुळे आज केल्सोचा कारभार कोण पाहते, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. इमारत आणि भोवतालचे वाळवंट संघराज्याच्या उद्यान सेवेकडे आहे, रूळ युनियन पॅसिफिकचे आहेत, समोरून जाणारा डांबरी रस्ता काउंटी राखते, आणि गुन्हा घडला तर उद्यानाचे रेंजर आणि काउंटीचा शेरीफ यांच्यापैकी ज्याच्या अधिकारात तो येईल तो पाहतो. तळीरामांसाठी केलेली ती दोन खणांची कोठडी मधल्या काळात गावातून नेली गेली होती. ती परत आणून आता स्टेशनजवळ ठेवली आहे, आणि पर्यटक तिच्या दारात उभे राहून एकमेकांचे फोटो काढतात.